‘भाषण’ नको, दुसरं काहीतरी लिहा

सेक्रेटरी: १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन. सकाळी ८.३० झेंडावंदन, ८.४५ अध्यक्षांचे भाशण, ९.१५ पातळभाजी-पाव. कागद उद्या छापायला देतोय. दुरुस्ती असेल तर आजच सांगा.

ए-३०२: काका, भाषणातला ‘ष’ पोटफोड्या असतो.

सेक्रेटरी: कीबोर्ड कोकणीवर राहिला रे.

बी-२०४ बाई: कोकणीत ‘भाशण’च लिहितात, त्यामुळे ती चूक नव्हे. मराठी कागदावर मात्र ‘ष’ हवा, कारण धातूच ‘भाष्’ आहे. कोकणीत भाषेला ‘भास’ म्हणतात आणि मराठीत भास म्हणजे नसलेलं दिसणं. दोन्ही भाषांच्या घरात राहायचं तर इतकं सांभाळावं लागतं 🙂

डी-१०२ वहिनी: ‘ष’चं नंतर बघा. भाषणाला अर्धा तास कशाला? गेल्या वर्षी पावणेनऊला सुरू झालं ते साडेनऊपर्यंत चाललं. पाववाल्या पोदेराने दिलेले उंडे चामड्यासारखे झाले. तो शब्दच काढा. ‘मनोगत’ लिहा.

ए-३०२: किंवा ‘दोन शब्द’.

सी-३०३ वकील: दोन शब्द बोलतो म्हणून उभा राहिलेला माणूस लवकर खाली बसलेला मी आजवर पाहिला नाही.

बी-२०४ बाई: मनोगत म्हणजे मनातलं. ते सत्कार झालेल्याचं किंवा निवृत्त होणाऱ्याचं असतं. अध्यक्षांना आपण अजून निवृत्त केलेलं नाही.

डी-१०२ वहिनी: तेही मनोगतच आहे आमचं.

ए-३०२: मग ‘व्याख्यान’?

बी-२०४ बाई: व्याख्यान म्हणजे उकलून सांगणं. ‘व्याख्या’ त्याच घरातली. त्याला एक विषय लागतो आणि त्या विषयाचा अभ्यास लागतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केली ती वसंत व्याख्यानमाला, भाषणमाला नव्हे. प्रवचन आता देवळात गेलंय. पण उपनिषदात ‘स्वाध्यायप्रवचने च’ येतं, तिथे प्रवचन म्हणजे शिकवणं.

सी-३०३ वकील: माझी सूचना, ‘अभिभाषण’ लिहा. पर्वरीला विधानसभेत राज्यपालांचं असतं ते. घटनेचा अनुच्छेद १७६. निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला. मजकूर मंत्रिमंडळाचा, राज्यपाल फक्त वाचतात. आपणही कमिटीने लिहून द्यावं, अध्यक्षांनी वाचावं. सात मिनिटांत मोकळे.

डी-१०२ वहिनी: हे मला पटलं 👍

बी-२०४ बाई: वकीलसाहेब, त्याच घटनेत १९व्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्य आहे. ते फक्त माइकपुढे उभ्या राहणाऱ्यासाठी नाही. गाड्यावर चहा पिता पिता बोलतो तेही त्यातच आलं. भाषणाचा मूळ अर्थ तेवढाच, बोलणं. मितभाषी माणूस म्हणजे कमी बोलणारा, कमी भाषणं करणारा नव्हे. दोघांनी मिळून केलं की संभाषण. हार-तुरे आणि पाण्याची बाटली त्या शब्दाला मागून चिकटली. आणि आपला राग शब्दावर नसतोच, तो पुढच्या क्रियापदात दिसतो. साधा माणूस भाषण करतो, पाहुणा भाषण देतो, पुढारी ठोकतो. झोडतो कोण ते लिहीत नाही, अध्यक्षही या ग्रुपवर आहेत.

ए-३०२: बाई 😂😂

ए-१०१ आबा: आमच्या घरात ‘उलोवप’ एवढा एकच शब्द. शेजाऱ्याशी बोललं तरी उलोवप, सभेत बोललं तरी उलोवप. शाळा पोर्तुगीज होती, तिथे दिश्कुर्सु.

सी-३०३ वकील: आबा, ‘दिश्कुर्सु’ लॅटिनमधून आलाय. तिथे मूळ अर्थ इकडेतिकडे धावणे.

डी-१०२ वहिनी: मग गेल्या वर्षीचं दिश्कुर्सुच होतं. पाण्याच्या टाकीवरून निघालं, पार्किंगवरून लिफ्टपर्यंत गेलं आणि परत टाकीवर आलं.

ए-१०१ आबा: हसा. पण १९ डिसेंबरच्या कागदावरून ‘भाषण’ काढू नका. पोर्तुगीज राजवटीत परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नव्हती. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना पकडलं. भाषण पुरं होऊ दिलं नाही. त्या मैदानाला आता त्यांचंच नाव आहे. माझे वडील सांगायचे, त्या काळी लोक पावसात यायचे ते काय ऐकायला मिळेल म्हणून नव्हे, कोणीतरी उघड्यावर बोलतोय हेच बघायला. त्यानंतर १९६१ उजाडायला पंधरा वर्षं लागली.

(साधारण वीस मिनिटं ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. मग बाराच्या पंपाचा मेसेज आला, तो इथे घेत नाही.)

डी-१०२ वहिनी: आबा, शब्द राहू दे. माझा वाद उंड्यांपुरता.

बी-२०४ बाई: मलाही ‘भाषण’च बरा वाटतो. मनोगत, अभिभाषण ही सगळी घाबरून घेतलेली नावं.

अध्यक्ष: आता गाडी थांबवून सगळं वाचलं. टाकीचा विषय गेल्या वर्षी मी काढला कारण टाकी गळत होती. अजूनही गळते. पण ते जनरल बॉडीत बोलू. १९ला मी बोलतच नाही. मडगावचं आबांनी सांगावं.

ए-१०१ आबा: माझ्याच्यान उभं राहवत नाही रे बाबा.

अध्यक्ष: बसून सांगा.

सेक्रेटरी: म्हणजे कागदावर काय लिहू? ‘भाषण – आबा’?

बी-२०४ बाई: ‘भाषण’ लिहा. ‘ष’ पोटफोड्या.

डी-१०२ वहिनी: आणि पाव ८.४५ ला. आबा बोलतील, आम्ही खात ऐकू.

सेक्रेटरी: पोदेराला सांगितलं. ८० उंडे पुरे का?

ए-३०२: १०० सांगा काका.