शेजारचे आजोबा म्हणतात, पृथ्वी सहा हजार वर्षांची

खडकवासी: अमेरिकेतल्या सिनसिनाटीत चौथं वर्ष. इथल्या दगडांत शिंपले खच्चून भरलेत, साधारण 45 कोटी वर्षांपूर्वीचे. लेकाने एक दगड शेजारच्या आजोबांना दाखवला. "नोहाच्या पुरातले बरं का!" म्हणजे बायबलातल्या जगबुडीतले. माणूस लाखमोलाचा, बर्फात आमची गाडी ढकलणारा. मी पक्का नास्तिक, पण जीभ चावून गप्प बसलो. आता पोराला काय सांगू?

चुनखडी: दगडाची कड बघायला सांगा. चिखल, चुनखडी, परत चिखल, पापुद्र्यावर पापुद्रा. काही थरांत तर प्राण्यांची बिळंही सापडतात. भर पुरात बिळं खोदत कोण बसलं होतं?

अण्णा_ओहायो: आजोबांशी वाद नको. 2014 मध्ये केंटकीत विज्ञानप्रसारक बिल नाय आणि पृथ्वी सहा हजार वर्षांची मानणारे केन हॅम जाहीर वादात समोरासमोर आले होते. मत कशाने बदलेल, असं विचारल्यावर नाय म्हणाले, पुराव्याने. हॅम यांचा सूर होता, कशानेच नाही. मग पुढे बोलायचं काय?

मीरा: सगळ्या ख्रिस्ती लोकांना एका माळेत ओवू नका हं. मानवी जनुकसंच प्रकल्पाचे माजी प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि उत्क्रांती मानणारे. इ. स. पू. 4004 हा सृष्टीच्या जन्माचा आकडा 17व्या शतकात आर्चबिशप अशरने काढला. बायबलाच्या मूळ मजकुरात तो नाही, मुख्यतः तिथल्या वंशावळ्यांची बेरीज आहे ती.

खडकवासी: बिळांचं पोराने थेट आजोबांनाच विचारलं. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन भिंग घेऊन आले. दोघं अजून ओट्यावरच आहेत, जेवण गार झालंय.