मदत हवी आहे : कॉर्व्हेटचे 'जनक' नेमके कोणाला म्हणावे?

नमस्कार. शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या जन्मकथेवर मी एक लेख लिहीत असून 'जनक' या एका शब्दापाशी अडलो आहे.

हा मान बहुतेक ठिकाणी झोरा अर्कस-डंटोव्ह या अभियंत्यास दिलेला आढळतो. कालक्रम मात्र निराळे सांगतो. महायुद्धानंतर अमेरिकेत येऊ लागलेल्या जॅग्वार, एमजी अशा दोन आसनी ब्रिटिश गाड्यांना तोडीस तोड गाडी आपल्याकडे असावी, हा ध्यास जनरल मोटर्सच्या (शेव्हरोले ही याच कंपनीची शाखा) रचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांचा होता; त्यांची फायबरग्लासची नमुना गाडी जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील मोटोरामा प्रदर्शनात मांडली गेली आणि ३० जून रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे तिचे उत्पादन सुरू झाले. डंटोव्ह यांनी ही गाडी प्रथम पाहिली ती त्याच प्रदर्शनात, आणि तीही बाहेरचे प्रेक्षक म्हणून; कंपनीत ते त्यानंतर दाखल झाले.

परंतु पहिल्या वर्षीच्या त्या ३०० गाड्या (सर्व पांढऱ्या, आतून लाल) देखण्या असल्या, तरी त्यांत सहा सिलिंडरचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता, म्हणजे रूप स्पोर्ट्स कारचे आणि चाल घरगुती मोटारीची. १९५४ मध्ये ३,६४० गाड्या तयार झाल्या, त्यांतील पुष्कळशा पडून राहिल्या, आणि १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर घसरले. त्याच वर्षी आठ सिलिंडरचे, अधिक ताकदीचे व्ही-८ इंजिन आले. पण त्याचे श्रेय मुख्य अभियंता एड कोल यांच्या चमूकडे जाते. डंटोव्ह यांचा हात स्पष्ट दिसतो तो त्यापुढे, १९५७ च्या फ्युएल इंजेक्शनमध्ये (इंजिनात इंधन फवारण्याच्या पद्धतीत) आणि शर्यतींच्या तयारीत.

थोडक्यात, देवकी एक आणि यशोदा दुसरी, असा हा प्रकार दिसतो. माझा कल अर्ल यांना 'जनक' आणि डंटोव्ह यांना 'पालक' म्हणण्याकडे आहे. मात्र कोल यांना या नात्यांत कोठे बसवावे, हे सुचत नाही. शिवाय फोर्डची थंडरबर्ड ही प्रतिस्पर्धी दोन आसनी गाडी १९५५ चे मॉडेल म्हणून बाजारात उतरली नसती, तर केवळ व्ही-८ च्या बळावर कॉर्व्हेट तगली असती काय? अमेरिकी मोटारींच्या इतिहासाच्या जाणकारांनी, विशेषतः तिकडे राहणाऱ्या व या जुन्या गाड्या जवळून पाहिलेल्या सदस्यांनी, आपले मत कारणांसह द्यावे, ही विनंती.