स्विफ्टला पॉली बुश घालू का स्ट्रट बार? हायवेला गाडी तरंगतीय

बाळे_ते_भिगवण:
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय, रनिंग लाखाच्या बरंच पुढं गेलंय. पुण्याला येणंजाणं नेहमीचं, मधनंमधनं तुळजापूर, विजयपूर चालूच असतंय. नव्वदच्या पुढं गेलं की गाडी पहिल्यासारखी रोडला धरून वाटत नाही, टेंभुर्णीच्या पुढं उसाच्या डबल ट्रॉलीला ओव्हरटेक मारून परत लेनमध्ये आलो की मागचा भाग जरा उशिरा येतोय असं होतंय, आणि तुळजापूरच्या घाटात स्टेअरिंग फिरवल्यावर वळायला पण थोडा वेळ लावतीय. गावात सात रस्त्याकडं खड्ड्यात गेली की पुढनं डाव्या बाजूला ठक्क.

यूट्यूब बघून डोकं फिरलंय. एकजण म्हणतो रबरी बुश (सस्पेन्शनच्या जोडात बसणारे रबराचे तुकडे) काढून टाक, पॉलीयुरेथेनचे म्हणजे कडक पॉलीचे घाल. दुसरा म्हणतो बुशला हात लावू नको, बॉनेटखाली स्ट्रट बार (पुढच्या दोन्ही शॉकअपची वरची टोकं जोडणारी दांडी) आणि खालनं ब्रेस (तसाच बॉडी ताठ धरणारा पाइप) मार, बोल्टचं तर काम आहे. पैसे एकाच गोष्टीचे आहेत. शॉकअप मागच्या वर्षी चारही नवीन टाकलेत, अलाइनमेंट वेळच्या वेळी करतो. आई मागं बसती, तिच्या कंबरेचा त्रास आहे, त्यामुळं दणके वाढलेले चालणार नाहीत. काय करू?

घाटवेडा:
स्ट्रट बार लाव, डोळे झाकून. माझ्या गाडीला आहे, स्टेअरिंग एकदम शार्प झालं. आणि बॉनेट उघडलं की दिसायला पण भारी दिसतंय.

शेंगाचटणी:
बॉनेट उघडून चालवतो काय बे गाडी 😄

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी:
मालक, दोन्हीच्या आधी गाडी रॅम्पवर घ्या. तुम्ही सांगितलेली लक्षणं नवीन पार्ट मागणारी नाहीत, जुना पार्ट गेल्याची आहेत. डावीकडचा ठक्क आणि घाटातला उशीर एकाच ठिकाणचा असू शकतो.

तुमच्या गाडीला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकच उभा खांब, आणि खाली चाक बॉडीला जोडणारा एल आकाराचा लोअर आर्म. त्याला बॉडीच्या बाजूला दोन बुश. पुढचा चाकाच्या जवळजवळ सरळ रेषेत येतो, तो कडक असतो कारण वळणावरचा आडवा जोर तोच घेतो. मागचा मोठा असतो आणि मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे चाक खड्ड्यात आपटलं की आर्म किंचित मागं सरकतो आणि दणका बॉडीपर्यंत पोचायच्या आधी रबरात मरतो. आपल्या इथल्या खड्ड्यांनी आणि मे महिन्यातल्या उन्हानं आधी जातो तो हाच. मिस्त्रीला सांगा पहार घालून आर्म पुढंमागं हलव आणि तुम्ही स्वतः टॉर्च घेऊन बघा. चांगला रबर ताणतो आणि जागेवर येतो. गेलेला असला तर कडेनं चंद्रकोरीसारखी चीर उघडती, मधली लोखंडी नळी रबरापासून सुटून वेगळी हलताना दिसती. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला जरा खेचत असेल तर खात्रीच समजा, कारण ब्रेकमध्ये चाक मागं सरकलं की टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) बदलतो. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी असती म्हणून तिथं सगळं बरोबर दाखवतंय.

आता पॉलीचं. कंपनीचा रबर साधारण ५५ ते ६५ शोर ए (हे कडकपणाचं माप), बाजारातला पॉली ८० ते ९५. एवढा कडक पॉली त्या मागच्या मोठ्या बुशच्या जागी घातला तर स्टेअरिंग नक्की सुधारणार, पण तो मऊपणा ज्यासाठी दिलेला तेच काम बंद होणार आणि दणका सरळ फ्लोअरबोर्डला. आईंच्या कंबरेचं तुम्हीच लिहिलंय. आणखी एक, रबरी बुश फिरत नाही, रबर स्वतः पिळतो आणि परत येतो, म्हणून त्याला ग्रीस लागत नाही. पॉलीत मधली नळी फिरती, तिथं सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि आपल्याकडची काळी धूळ त्यात गेली की गाडी कुईकुई करती.

मागं टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा) आहे, तिथल्या बुशला तर पॉली अजिबात नको. बीमला वरखाली होताना थोडं वाकडंतिकडं पण फिरावं लागतंय, कडक बुश ते अडवतो आणि मागची बाजू आखडती.

घाटवेडा:
मग माझा फरक काय मनाचा आहे का? मी तर शपथेवर सांगतो टर्न मारताना कळतंय.

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी:
मनाचा म्हणत नाही, पण किती फरक ते गणितानं बघू. वळणावर टायर जमिनीवर आडवा जोर घेतो. लोअर आर्म जमिनीपासून २० सेंटिमीटर आणि स्ट्रटचं वरचं टोक ८० धरा, अंदाजाचेच आकडे आहेत. मोमेंट (जोर गुणिले अंतर) मांडला की वरच्या टोकाला टायरच्या जोराच्या एक तृतीयांश येतो आणि खाली आर्मला त्या वरच्या टोकाच्या चौपट. म्हणजे हललं तर खाली हलणार, वर नाही. म्हणून बॉनेटमधल्या चकचकीत बारपेक्षा खालच्या ब्रेसनं जास्त कळायला पाहिजे, पण तो इन्स्टावर दिसत नाही ना. त्यात बऱ्याच बारला दोन्ही टोकाला पिव्होट (फिरता जोड) असतोय, बोल्ट घट्ट असले तरी तो पिव्होट थोडा फिरतोच, मग बार कशाला? एकाच तुकड्याचा, जोड नसलेला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि खालचा ब्रेस बसवला की ग्राउंड क्लिअरन्स गेला. कंपनीचा १७० मिमी आहे, चार माणसं आणि सामान भरल्यावर तो आधीच कमी होतो, त्यात अजून एक पाइप खाली आला की आपल्या कॉलन्यांतल्या घरगुती स्पीडब्रेकरवर खरडणार.

जुळे_सोलापूरकर:
माझा अनुभव पॉलीचा. दुसऱ्या कंपनीची हॅचबॅक होती, त्यात पुढचे दोन्ही बुश पॉलीचे घातलेले, एका ऑनलाइन दुकानातनं आलेले पिवळे, नाव घेत नाही. पहिले काही महिने मस्त. विजयपूर रोडला जीव लावून पळवायचो, स्टेअरिंग फिरवलं की गाडी तिथंच. मग पावसाळा झाला आणि सकाळी गेटातनं बाहेर काढताना असा आवाज यायला लागला की शेजारचे उठायचे. ग्रीस मारलं की गप्प, परत सुरू. तरी मी म्हणेन सगळं पॉली वाईट नाही. स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणारा, दोन्ही चाकांना जोडलेला दांडा) डी बुश, म्हणजे तो बार बॉडीला धरणारे डी आकाराचे बुश, पॉलीचे घाला, दोन तुकडे, स्वस्त, बॉडी रोलमध्ये फरक पडतो आणि सरळ रोडवर दणका वाढत नाही कारण दोन्ही चाकं एकदम वर गेली की तो बार नुसता फिरतो, काम करत नाही. माझ्या मते पॉली कुठं घालावा तर एवढ्याच जागी.

शेंगाचटणी:
टायर कुठले आहेत ते कुणी विचारलंच नाही राव. व्हीडीआयला कंपनीचे १६५ सेक्शनचे १४ इंची येतात, उंच साइडवॉल. जुने असतील आणि हवा कमी असेल तर टायरच आधी लवतोय, नंतर बुश, शेवटी बॉडी.

बाळे_ते_भिगवण:
टायर १६५ चेच, अजून बरे आहेत. हवा आधीच्या पंचरवाल्यानं चारही चाकात सारखी भरलेली, दारावरच्या स्टिकरप्रमाणं करून घेतली.

गाडी रॅम्पवर घेतली. एमआयडीसीवाले दादा, तुमच्या चंद्रकोरीवर पैज लावायला पाहिजे होती. डाव्या आर्मच्या मागच्या बुशला निम्म्या घेराची चीर, पहार घातली की नळी बोटभर हलतीय. उजवा तेवढा नाही पण सुरुवात आहे. मागच्या बीमचे बुश बरे आहेत, एका बाजूला नुसत्या बारीक रेघा. स्टॅबिलायझर बार चाकाकडं जोडणारी लिंक पण डावीकडची ढिली.

एक शंका राहती. बॉडीच सैल झाली असेल, मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच असलेला) थकला वगैरे, ते कसं ओळखायचं? भावजी म्हणतात लाखाच्या वर गाडीची बॉडी उघडती.

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी:
भावजींना नमस्कार सांगा. हॅचबॅकला मागं मोठं दार असतं, झाकण नसलेलं खोकं जसं पिळलं जातं तसं थोडं होतंच, नव्या गाडीत पण होतंय. बघायचं असेल तर सपाट जागी मागचं एक चाक जॅकवर उचला, गाडीखाली कुणी जायचं नाही, आणि डिकीचं दार उघडझाप करा. नेहमीसारखं लॉक लागलं आणि बीडिंगची फट दोन्हीकडं सारखी राहिली तर बॉडी ठणठणीत आहे, ब्रेसवर खर्च करू नका. दार अडकत असेल तर आधी कधी मार बसलाय का, कुठलं वेल्डिंग सुटलंय का ते शोधा, बार लावून ते झाकलं जाणार नाही.

तुमच्यासाठी यादी एवढीच: दोन्ही लोअर आर्म, शक्यतो बुश आणि बॉल जॉइंटसकट आख्खा आर्म, कारण प्रेसवर बुश बदलताना पुष्कळ जण आर्मचा कान (बुश बसायची जागा) वाकवतात. लिंक रॉड दोन्ही. डी बुश जुळेवाल्यांनी सांगितलं तसे पॉलीचे घाला हवं तर.

आणि आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकावर उभी पाहिजे. लिफ्टवर आर्म लोंबकळत असताना आवळले तर रबर त्या स्थितीत चिकटून बसतो, गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि नवा बुश लवकर फाटतो. इथं निम्मी गॅरेजं हेच करतात.

जुळे_सोलापूरकर:
+१. आणि हे काम झाल्यावरच अलाइनमेंट, आधी नाही.

घाटवेडा:
बरं मग माझा बार विकायचाय, कुणाला पाहिजे का 😅 पिव्होटवालाच निघाला.

बाळे_ते_भिगवण:
झालं काम. आर्म दोन्ही, लिंक दोन्ही, डी बुश पॉलीचे. जॅकची टेस्ट पण केली, डिकी पहिल्यासारखीच लागती. बोल्टचं मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला गाडी खाली टेकवल्यावर मी आत शिरू कसा, मग गाडी खड्ड्याच्या रॅम्पवर घेतली, खड्ड्यात उतरून चाकावर उभ्या गाडीचे बोल्ट आवळले. ठक्क गेला. मोहोळपर्यंत जाऊन आलो, ब्रेकमध्ये खेचणं बंद, शंभरला गाडी गप्प आहे. ट्रॉलीनंतरचा तो मागचा उशीर कमी झालाय पण अगदी गेला नाही. मागच्या बीमच्या बुशला ज्या रेघा आहेत त्याच असतील का, का आता १८५ चे टायर बघू?

शेंगाचटणी:
आधी मागच्या दोन चाकात स्टिकरवरचं फुल लोडचं प्रेशर भरून एकदा त्याच रोडनं जाऊन ये. हवा फुकट आहे.