ट्रायो-एसएसएस: 'पहिली पिढी' कोणाला म्हणतात?

प्रश्न: अमेरिकेतल्या कॉलेजात 'स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस'चा (एसएसएस; 'ट्रायो' या सरकारी विद्यार्थी-मदत योजनांपैकी एक) अर्ज 'पहिली पिढी' म्हणून भरायचाय. वडील दोन वर्षं कॉलेजात होते, डिग्री नाही. आई बारावी. चालेल ना?

उत्तर १: बिनधास्त भरा. दोघांपैकी कोणाकडेही बॅचलर्स पदवी नसली की झालं; असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री आड येत नाही. मूल एकाच पालकाकडे वाढलं असेल तर त्याच पालकाची पदवी बघतात. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर मात्र मिळत नाही, नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं.

उत्तर २: खरा घोळ उत्पन्नाच्या रकान्यात होतो. पगार नाही, *करपात्र* उत्पन्न लिहायचं: फॉर्म १०४० (अमेरिकेतलं आयकर विवरणपत्र), ओळ १५. मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १५०%, घरातल्या माणसांप्रमाणे बदलते. पगाराचा आकडा टाकला की पात्र मूलही बाहेर पडतं. नुसत्या पहिल्या पिढीवरही अर्ज चालतो, पण किमान दोन-तृतीयांश जागा पहिली पिढी आणि कमी उत्पन्न अशा दोन्ही अटींत बसणाऱ्यांना किंवा दिव्यांगांना जातात. उरलेल्यांत चुरस.

उत्तर ३: अर्ज कॉलेजच्याच ट्रायो ऑफिसात, सरकारकडे नाही. सगळ्या कॉलेजांत हे नसतं, आधी चौकशी करा. शिकवणी, विषयनिवड, फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरायला मदत मिळते. रोख अनुदान असलंच तर मुख्यतः पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांचं सरकारी अनुदान) मिळणाऱ्यांना.