शब्दचर्चा: बेसबॉलच्या ‘कॅचर’ला मराठीत काय म्हणायचं?

कुंपणकाठी: मोझेस फ्लीटवूड वॉकरवरचा एक लेख दिवाळी अंकासाठी भाषांतरित करतेय. हा 1884 साली टोलेडो संघाकडून अमेरिकन असोसिएशन या तेव्हाच्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला कृष्णवर्णीय कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे थांबून चेंडू झेलणारा. मी ‘झेलकर’ लिहिलं. संपादक म्हणतात, ‘यष्टिरक्षक’ करा, वाचकाला पटकन कळेल. पण यष्ट्याच नसलेल्या खेळात रक्षण कशाचं करायचं?

धोंडोपंत: झेलकर म्हणजे कोकणातलं आडनाव वाटतं. ‘झेल्या’ केलंत तर लोकांना थुंकी झेलणारा आठवेल. ‘कॅचर’च ठेवा, लोक काही अडाणी नाहीत.

शुद्धमती: याच न्यायाने उद्या त्रिफळाचीतसुद्धा सोडून द्या! बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर क्रिकेट मराठीत सांगितलंच ना? सुरुवातीला सगळे हसतात, मग तेच शब्द तोंडी बसतात. माझं मत ‘झेलरक्षक’.

धोंडोपंत: झेलाचं रक्षण? बरं.

जर्सीवाली_ताई: आमचा धाकटा लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, कॅचरच आहे. घरात सगळे कॅचरच म्हणतो, आजीसुद्धा. पण त्याच्याकडे मुखवटा, छातीला कवच आणि जाडजूड मिट (हातमोजा) असतो. वॉकर बरेचदा उघड्या हातांनी फेक घ्यायचा. दुखापतींमुळे त्या मोसमात 42 सामनेच झाले, तरी फलंदाजीची सरासरी .263, म्हणजे दर चार खेपांत एकाहून थोडे जास्त यशस्वी फटके. ‘झेलणे’ म्हटलं की फूल झेलल्यासारखं वाटतं. त्या माणसाने सोसलं ते त्या शब्दात येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा: ताई, झेलणे म्हणजे सोसणे हा अर्थ आमच्याकडे आहेच की. “लई झेललं त्यानं” असं म्हणतो आम्ही. झेलकर एकदम फिट बसते!

शुद्धमती: तो हिंदीचा संसर्ग आहे.

वऱ्हाडी_ठेचा: आमची आजी हिंदी शिकायला कुठं गेली होती?

तोफखाना_गल्ली: एक गंमत. पिचर (चेंडू फेकणारा) आणि कॅचर या जोडीला बेसबॉलमध्ये ‘बॅटरी’ म्हणतात. माझ्या मते ती तोफांचीच बॅटरी. आपल्याकडे गोलंदाज म्हणजे मुळात तोफ डागणारा! तेव्हा पिचरला बेधडक गोलंदाज म्हणा. 1887 मध्ये नुअर्क संघात जॉर्ज स्टोव्ही आणि वॉकर अशी दोघाही कृष्णवर्णीयांची बॅटरी होती.

धोंडोपंत: पिचर हात वाकवून फेकतो. आपल्याकडे असा गोलंदाज ‘फेकी’ ठरतो, पंच लगेच नोबॉल देतील.

कुंपणकाठी: बॅटरीवरून आठवलं. टोलेडोचा पिचर टोनी मुलेन पुढे म्हातारपणी कबूल करून गेला की वॉकर हा आपण पाहिलेला सर्वांत चांगला कॅचर, पण काळा म्हणून त्याच्या खुणांकडे आपण बघतच नव्हतो. मनाला येईल तसा चेंडू टाकायचो. इथे ‘सिग्नल’ला मी ‘खूण’ केलं, संपादकांना ‘इशारा’ हवाय.

शुद्धमती: खूणच. मराठीत इशारा हवामान खातं देतं.

जर्सीवाली_ताई: काय येणार ते ठाऊक नसताना उघड्या हातांनी घ्यायचं! आणि सुटलेला चेंडू बहुधा कॅचरच्याच नावावर लिहिला जातो. खुणा न पाळणाऱ्याचं नाव कागदावर कुठेच नाही.

कुंपणकाठी: खरा पेच पुढे आहे. ‘कलर लाइन’, म्हणजे काळ्या खेळाडूंना बाहेर ठेवणारी रेषा. वर्णरेषा म्हणू?

तुकारामतात्या: नको. ‘वर्ण’ म्हटलं की आपल्या डोक्यात चातुर्वर्ण्य येतं.

पाटीपेन्सिल: येऊ दे की! जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना उगाच अर्पण केली का? त्यांना दोन्हींतलं नातं दिसत होतं.

तुकारामतात्या: नातं मान्य, पण दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. ‘रंगभेद’ सरळ आहे.

पाटीपेन्सिल: रंगभेद म्हटलं की लोक दक्षिण आफ्रिकेत जातात. माझ्याकडे खास मराठी शब्द आहे: पंक्तिभेद. त्यात रेषाही आली.

धोंडोपंत: पंक्तिभेदात सगळे पंगतीत बसलेले असतात, तूप कमी-जास्त पडतं इतकंच. इथे पानच मांडायचं नाही असं ठरलं. 1883 साली शिकागो संघाचा कर्णधार कॅप अ‍ॅन्सन अडून बसला होता की वॉकर असेल तर मी खेळणार नाही. टोलेडोच्या व्यवस्थापकाने सुनावलं, मग गेटच्या पैशांतला वाटा विसरा. मुकाट्याने खेळला. पण 14 जुलै 1887 ला इंटरनॅशनल लीग या खालच्या पातळीवरच्या लीगच्या मालकांनी मतदान करून यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. आधीचे राहिले. वॉकर 1889 पर्यंत सिरॅक्यूसला खेळला.

पाटीपेन्सिल: म्हणजे बसलेल्याला जेवू दिलं, नव्याला पान नाही. मग पंक्तिभेद याहून वेगळा काय?

तुकारामतात्या: त्याला बहिष्कार म्हणतात.

तोफखाना_गल्ली: बहिष्कार घालतात त्या माणसाला आधी आत घेतलेलं असावं लागतं. 1884 नंतर, 1947 ला जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत, मोठ्या लीगमध्ये कोणाही काळ्या खेळाडूला उघडपणे घेतलं नाही, म्हणजे नव्यांना आत येऊच दिलं नाही. ‘मज्जाव’ कसा वाटतो?

शुद्धमती: मज्जाव फारसी.

वऱ्हाडी_ठेचा: गोलंदाज कुठला होता मग?

कुंपणकाठी: मंडळी, अंक छापायला जायचाय. कॅचरचं काय करू?

तुकारामतात्या: आधी ‘बहिष्कृत’ आणि ‘वर्जित’ यांतला फरक मिटवू.