बेट पर्यटकांना कधी उघडायचं? आधी दवाखान्यातल्या खाटा मोजा

खारावारा (धागाकर्ती)

कोविडमध्ये पर्यटनावर जगणारी बेटं बंद झाली आणि मग एकेक करून उघडली. मालदीव साडेतीन महिन्यांत उघडलं, रापा नुई (आपण ज्याला ईस्टर बेट म्हणतो ते) जवळजवळ अडीच वर्षांनी. पुढची साथ येण्याआधी या सगळ्याचा हिशेब मांडायला हवा. माझं मत आधीच सांगते: बेट कधी उघडायचं हे तिथल्या दवाखान्यात किती खाटा आहेत यावरून ठरावं. हॉटेलांच्या किती खोल्या रिकाम्या पडल्यात, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि बेटावर कायम राहणाऱ्यांचा कौल घेतल्याशिवाय निर्णय होऊच नये.

मुख्य भूमीवरच्या गावात खाटा भरल्या तर रुग्णवाहिका शेजारच्या जिल्ह्याकडे वळते. बेटावर ती सोय नसते. हवाईतल्या कवाई बेटावर साथीच्या सुरुवातीला अतिदक्षता विभागाच्या जेमतेम नऊ खाटा होत्या. लक्षद्वीपमधून गंभीर रुग्ण हेलिकॉप्टरने कोचीला न्यावा लागतो. रापा नुईपासून चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरहून लांब. अशा ठिकाणी एका आठवड्यात वीस माणसं अत्यवस्थ झाली, तर कुणाला हलवायचं आणि कुणाला नाही हे डॉक्टरला ठरवावं लागतं.

लक्षद्वीपचं उदाहरण फार बोलकं आहे. २०२० च्या अख्ख्या वर्षात तिथे कोविडचा एकही रुग्ण नव्हता. जाणाऱ्याला आधी विलगीकरणात राहणं सक्तीचं होतं. डिसेंबरमध्ये नियम सैल झाला, चाचणीचा निगेटिव्ह अहवाल पुरेसा ठरला. जानेवारी २०२१ मध्ये पहिला रुग्ण सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत आकडा हजारांत गेला. ही सूट फक्त पर्यटकांसाठी नव्हती, हे मान्य. पण एक नियम ढिला पडला की बेटावर किती वेगाने चित्र पालटतं, ते यातून दिसतं.

आणि १९१८ विसरू नका. नोव्हेंबरमध्ये 'तालुने' नावाचं जहाज न्यूझीलंडच्या ऑकलंडहून पॅसिफिकमधल्या पश्चिम सामोआच्या अपिया बंदरात आलं, आजारी प्रवासी उतरू दिले गेले, आणि तिथली सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या फ्लूने गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी जहाजांवर कडक विलगीकरण लादलं. तिथे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही. लोक तेच, समुद्र तोच, फरक फक्त बंदरावरच्या निर्णयाचा.

दर्यावर्दी

ताई, १९१८ मध्ये लस नव्हती आणि सामोआ पर्यटनावर जगत नव्हतं. तो दाखला २०२० नंतरच्या बेटांना लावणं मला पटत नाही.

फिजी बघा. देशाच्या उत्पन्नाचा सुमारे चाळीस टक्के भाग पर्यटनाशी जोडलेला. सीमा बंद झाल्या आणि २०२० मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात सहाव्या हिश्श्याच्या आसपास आक्रसली. काम गेलेल्या लोकांना भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढायची मुभा दिली, म्हणजे माणसं स्वतःच्या म्हातारपणाची शिदोरी तरुणपणीच खाऊ लागली. हे नुकसान मृतांच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून ते नसतं असं नाही. मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला पैसे नसलेला माणूसही आजारीच पडतो.

आणि एवढं करून साथ थांबली का? एप्रिल २०२१ मध्ये सीमा बंद असतानाच विलगीकरण केंद्रातून संसर्ग बाहेर पडला आणि डेल्टाची मोठी लाट आली. शेवटी कामी आली ती लस. प्रौढांपैकी बहुतेकांना दोन डोस दिले आणि १ डिसेंबर २०२१ ला देश उघडला. माझ्या मते कसोटी लसीकरणाचीच. खाटांचा आकडा धरून बसलात तर छोटं बेट कधीच उघडणार नाही, कारण तिथे खाटा कायमच कमी असतात.

निळाई

दर्यावर्दींशी अर्धी सहमत. लसीकरण हवंच, पण ते कुणाच्या वाट्याचं हेही विचारायला हवं. थायलंडच्या फुकेत बेटाचा 'सँडबॉक्स', म्हणजे लस घेतलेल्या परदेशी पर्यटकांना विलगीकरणाविना येऊ देणारी योजना, १ जुलै २०२१ ला सुरू झाली. त्यासाठी फुकेतच्या रहिवाशांचं लसीकरण बाकी थायलंडच्या पुढे रेटलं गेलं. त्याच उन्हाळ्यात बँकॉकमध्ये लोक लशीसाठी ताटकळत होते आणि रुग्णालयं भरत होती. ऑगस्टमध्ये तर अशी वेळ आली की दोन डोस घेतलेला परदेशी पाहुणा विमानाने फुकेतला उतरू शकत होता आणि दुसऱ्या प्रांतातल्या थाई माणसाला फुकेतला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या सारासिन पुलावर अडवलं जात होतं. साथीच्या दृष्टीने यामागे तर्क असेल, पण माझ्या देशात मला असं अडवलं असतं तर मी ते विसरले नसते.

मात्र योजनेची रचना विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य करायलाच हवं. चौदा रात्री बेटावरच, ठरावीक प्रमाणपत्र असलेल्या हॉटेलात. तीन चाचण्या, एक लाख डॉलरचा विमा, आणि मगच बाकीच्या देशात जायची परवानगी. म्हणजे बेटाचा वापर चाळणीसारखा केला. फक्त त्या चाळणीत आपण राहतो आहोत, हे बेटावरच्या सामान्य माणसाला कुणी समजावून विचारलं होतं का?

खारावारा

निळाई, माझा रोख तिथेच आहे. रापा नुईत विचारलं गेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांचा कौल घेतला आणि स्पष्ट बहुमत निघालं: इतक्यात उघडू नका. लक्षात घ्या, त्या बेटाचा जवळजवळ सगळा रोजगार पर्यटनाचा. सुमारे आठ हजार लोकवस्ती, आणि साथीआधी वर्षाला लाखाहून जास्त पाहुणे. तरी लोकांनी 'नको' म्हटलं. बंदीच्या काळात अनेकांनी पुन्हा परसात भाजी लावली, मासेमारीकडे वळले. मग ऑगस्ट २०२२ मध्ये पर्यटक परतले. म्हणजे ज्यांचं पोट पर्यटनावर आहे ते घाबरून 'उघडा' असंच म्हणणार, हे गृहीतच चुकीचं आहे.

दर्यावर्दी

रापा नुई चिलीचा भाग आहे, आणि या सगळ्या चर्चेत हाच मुद्दा निसटतो आहे. मालवाहू विमानं येत राहिली, सरकारी रोजगार योजनेतून पैसे मिळत राहिले, गंभीर रुग्णाला न्यायला मुख्य भूमी होती. पाठीशी खजिना असलेल्या बेटाला थांबणं परवडतं. जे बेट स्वतःच देश आहे, त्याचा खजिना म्हणजे विमानतळावरची रांग. मालदीवने कौल घेऊन अडीच वर्षं थांबायचं ठरवलं असतं, तर आयात केलेल्या तांदळाचे पैसे कुठून आले असते? तिथे जवळजवळ सगळंच बाहेरून येतं, औषधंसुद्धा.

म्हणून मालदीवने १५ जुलै २०२० ला दार उघडलं. त्यांच्याकडे एक नैसर्गिक सोय होती: एका बेटावर एकच रिसॉर्ट. पाहुणा विमानतळावरून थेट बोटीने किंवा सीप्लेनने तिथे जातो, माले शहरातल्या दाटीवाटीशी त्याचा संबंध येत नाही. सप्टेंबरपासून पीसीआर चाचणी सक्तीची केली. २०२० मध्ये साडेपाच लाखांच्या वर पर्यटक आले, २०२१ मध्ये तेरा लाखांच्या वर. मला हे धाडस योग्यच वाटतं.

पाणकावळा

मी हॉटेल व्यवसायातला आहे, त्यामुळे मालदीवबद्दल थोडं लिहितो.

एक बेट एक रिसॉर्ट हे पाहुण्यांपुरतं खरं. पण रिसॉर्टमध्ये वाढपी, माळी, खलाशी, धोबी असतात आणि ते महिनोन्‌महिने तिथेच राहतात. साथीत त्यांच्या सुट्ट्या, घरी जाणं, सगळं अडकलं. पाहुणा मोकळा आणि कामगार कोंडलेला, अशी ती सुरक्षितता होती. शिवाय रिसॉर्ट जुलैत उघडले, पण वस्तीच्या बेटांवरची गेस्टहाउसं ऑक्टोबरात. २००९ नंतर स्थानिक कुटुंबांनी कर्ज काढून उभी केलेली ही छोटी घरगुती हॉटेलं. आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम बरोबरच होता, कारण तिथे पाहुणा गावातच फिरतो. पण त्याचा अर्थ असा की ज्याच्याकडे अख्खं बेट होतं त्याची कमाई आधी सुरू झाली आणि ज्याच्याकडे सहा खोल्या होत्या तो आणखी तीन महिने हप्ते कसे भरायचे याच्या विवंचनेत राहिला. बेट 'उघडलं' असं आपण म्हणतो तेव्हा ते कुणासाठी उघडलं, हेही पाहायला हवं.

मे २०२१ मध्ये मालदीवमध्ये प्रचंड लाट आली, लोकसंख्येच्या मानाने जगातल्या सर्वांत मोठ्या लाटांपैकी एक. तिचं खापर पर्यटकांवर फोडू नका. तेव्हा स्थानिक निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या, रमजानच्या गाठीभेटीही होत्या. तरी सरकारने दक्षिण आशियातल्या पर्यटकांना दोन महिने दार बंद केलं. म्हणजे 'एकदा उघडलं की उघडलं' असं नसतं. पुन्हा बंद करायची तयारी उघडतानाच हवी. पाहुण्याचे आगाऊ भरलेले पैसे आणि कामगाराचा पगार, या दोन्हींचं तेव्हा काय होणार, हे आधी लिहून ठेवावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते लिहिलेलं नसतं.

निळाई

हवाईचं उदाहरण इथे जोडते. ऑक्टोबर २०२० मध्ये चाचणी करून येणाऱ्यांना विलगीकरणातून सूट दिली. कवाईने डिसेंबरमध्ये त्या योजनेतून अंग काढून घेतलं, कारण त्यांच्या त्या नऊ खाटा. एकाच राज्यात वेगळं बेट वेगळा निर्णय घेऊ शकलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये डेल्टाने रुग्णालयं भरली, तेव्हा गव्हर्नर इगे यांना पर्यटकांना 'सध्या येऊ नका' अशी विनंती करावी लागली. अमेरिकेत लस मुबलक असताना. म्हणून दर्यावर्दी, फक्त लसीकरणाची कसोटी पुरत नाही.

शंखनाद

सगळे साथीवर बोलताय, पण बंद काळात बेटांना जो श्वास घेता आला त्याचं काय? थायलंडमधला माया बे हा किनारा २०१८ पासून बंदच होता, जानेवारी २०२२ ला उघडला तो पोहायला मनाई करून आणि माणसं मोजून. तोवर काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परतले होते. हवाईच्या हनौमा बेने साथीतल्या बंदीनंतर रोजच्या पाहुण्यांवर मर्यादा घातली. बंद दार पुन्हा उघडताना संख्या ठरवणं सोपं असतं. चालू धंद्यात कुणी ऐकत नाही. फिलिपिन्सच्या बोराकाय बेटावर मर्यादा कागदावर होती, तरी २०२२ च्या ईस्टरच्या सुट्टीत ती ओलांडली गेलीच.

दर्यावर्दी

शंखनाद, मर्यादेला माझा विरोध नाही. पण दोन वर्षं कमाई नसलेल्या नावाड्याला 'आता निम्मेच पाहुणे' हे त्याच क्षणी सांगू नका. आधी त्याचं कर्ज फिटू द्या.

खारावारा

दर्यावर्दींचा खजिन्याचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. मालदीव प्रत्येक पाहुण्याकडून दर दिवसाचा हरित कर घेतं. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांनी २०२४ मध्ये परदेशी पाहुण्याचं प्रवेशशुल्क शंभरावरून दोनशे डॉलर केलं. बालीनेही त्याच वर्षी परदेशी पर्यटकांवर शुल्क लावलं. या पैशातला ठरावीक वाटा फक्त बंदीच्या काळासाठी बाजूला ठेवा: कामगारांचा निर्वाह, गेस्टहाउसांचे हप्ते आणि दवाखान्यात जास्तीच्या खाटा. मग पाठीशी मुख्य भूमी नसलेल्या बेटालाही लोकांना विचारून थांबता येईल. पोट की जीव हा पेच मी नाकारत नाही. तो आपण साथ आल्यावर सोडवायला बसतो, यावर माझा आक्षेप आहे.

दर्यावर्दी

निधीची कल्पना चांगली. पण सहा महिन्यांपुरती. दोन वर्षांची बंदी कुठल्याच छोट्या देशाचा निधी झेलणार नाही, आणि चक्रीवादळ आलं की सरकार आधी त्यालाच हात घालेल. मी अजूनही म्हणतो, लस झाली की उघडा.

पाणकावळा

निधी उभा राहिलाच तर मला एकच विचारायचं आहे. मालदीवमध्ये काम करणाऱ्यांत बांगलादेशी मजूर फार मोठ्या संख्येने आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये मालेत साथ पसरली तेव्हा सर्वांत जास्त झळ त्यांच्याच कोंदट खोल्यांना बसली. तुमच्या कौलात त्यांना मत नाही, कारण ते नागरिक नाहीत. बंदीच्या निधीत तरी त्यांचं नाव असणार आहे का?