ईसॉपची किंमत शून्य धरावी का?

अर्धा कप

स्टार्टअपच्या ऑफर लेटरमध्ये पगाराच्या आकड्याखाली हल्ली एक ओळ हमखास असते: याशिवाय इतक्या लाखांचे ईसॉप. ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क; असा एका शेअरचा हक्क म्हणजे एक ऑप्शन. माझे मत असे की पगाराची घासाघीस करताना त्या ओळीची किंमत शून्य धरावी. लॉटरीचे तिकीट फुकट मिळाले तर खिशात टाकावे, पगार कापून विकत घेऊ नये.

हवेत बोलायला नको, म्हणून एक कल्पित उदाहरण. एकीकडे 34 लाख रोख. दुसरीकडे 28 लाख आणि 4,000 ऑप्शन, 4 वर्षांत व्हेस्ट होणारे (टप्प्याटप्प्याने हक्काचे होणारे), एक्सरसाइज प्राइस (शेअर घेताना भरायचा भाव) 10 रुपये. कंपनीचे मूल्यांकन 400 कोटी, आणि प्रेफरन्स शेअर (गुंतवणूकदारांचे, पैसे परत घेण्यात पहिला मान असलेले), ऑप्शनचा पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर) वगैरे सगळे धरून एकूण शेअर 40 लाख. म्हणजे एक शेअर 1,000 रुपयांचा. एचआर म्हणणार, तुमचे 40 लाख झाले की!

झाले नाहीत. 1,000 रुपये हा गुंतवणूकदाराच्या प्रेफरन्स शेअरचा भाव. तुम्हाला मिळणार साधा इक्विटी शेअर. समजा कंपनीने आजवर 120 कोटी उभे केलेत, त्या बदल्यात गुंतवणूकदारांकडे 40 टक्के हिस्सा आहे आणि करारात 1 पट लिक्विडेशन प्रेफरन्स (विक्रीत गुंतवलेली रक्कम आधी काढून घेण्याचा हक्क) आहे, जो बहुतेक करारांत असतोच. आता कंपनी 150 कोटींना विकली गेली. बातमीत ‘यशस्वी एक्झिट’, केक वगैरे. गुंतवणूकदार आधी आपले 120 कोटी काढून घेतात. उरलेले 30 कोटी बाकीच्या 24 लाख शेअरवर वाटले जातात, म्हणजे शेअरमागे 125 रुपये. तुमच्या वाट्याला 5 लाख, त्यातून एक्सरसाइजचे 40,000 वजा, उरेल त्यावर कर. 120 कोटींच्या खाली विकली तर भोपळा. 300 कोटींच्या वर गेली तरच गुंतवणूकदारांना प्रेफरन्स सोडून इक्विटीत येणे परवडते, आणि तेव्हाच तुमचा शेअर आणि त्यांचा शेअर एका भावाचा होतो.

ऑफर लेटरमध्ये हे गणित असते का? नसते.

बाणेरची वाट

गणित बरोबर, निष्कर्ष चूक. एकदा शून्य धरले की माणूस कागद वाचत नाही, काही मागत नाही, आणि मग ते खरेच शून्य होते.

ज्या गोष्टी सही करण्यापूर्वी मागता येतात त्या अशा. एक, एकूण शेअर किती, पूर्ण डायल्यूटेड, म्हणजे पुढे शेअर होऊ शकणारे ऑप्शन वगैरे सगळे धरून. 4,000 ऑप्शन म्हणजे 0.1 टक्का की 0.001 टक्का, हे त्याशिवाय कळतच नाही. दुसरे, व्हेस्टिंग दरमहा की वर्षाअखेर. वर्षाअखेरचे असेल तर 23 व्या महिन्यात नोकरी सोडणाऱ्याला एकाच वर्षाचे मिळतात. काही ठिकाणी 10-20-30-40 टक्के अशी चढती भाजणी असते, तिच्यात दोन वर्षे राबून 30 टक्केच हाती येतात. (पहिल्या वर्षाची क्लिफ, म्हणजे वर्ष भरेपर्यंत काहीच व्हेस्ट न होणे, हा मात्र कुणा संस्थापकाचा कंजूषपणा नव्हे. ग्रँट (ऑप्शन देणे) आणि व्हेस्टिंगमध्ये किमान 1 वर्ष हवे असे कंपनी कायद्याचे नियमच सांगतात.) तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे: नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायला (ठरलेला भाव भरून शेअर घ्यायला) मुदत किती? 90 दिवस असेल तर भांडा. 5 किंवा 10 वर्षे देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि ही मुदत वाढवून द्यायला कंपनीला आज खिशातून एक रुपया घालावा लागत नाही.

आणि लॉटरी म्हणताय तर निकालही बघा. फ्रेशवर्क्स सप्टेंबर 2021 मध्ये नॅसडॅकवर गेली तेव्हा तिचे 500 हून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाले. फ्लिपकार्टने फोनपे वेगळी झाल्याच्या भरपाईपोटी 2023 मध्ये ऑप्शनधारकांना सुमारे 70 कोटी डॉलर रोख दिले, शेअर विकायला न लावता.

अर्धा कप

फ्रेशवर्क्सचे नाव निघणार हे माहीत होतेच. मग 22 अब्ज डॉलरच्या बायजूजचेही काढा. 2022 मध्ये एवढे मूल्यांकन होते, 2024 मध्ये प्रोसससारख्या मोठ्या गुंतवणूकदाराने आपल्या हिश्शाची किंमत शून्य लिहिली. त्यांच्याकडे तर प्रेफरन्स होता.

आता रोख बाजूचे गणित. 6 लाखांचा फरक 31.2 टक्के कर जाऊन वर्षाला 4.13 लाख, महिन्याला 34,400 रुपये. 4 वर्षे एसआयपी केली आणि 12 टक्के परतावा धरला तर 21 लाखांच्या आसपास होतात. ईसॉपमधून कर जाऊन तेवढेच हातात यायला शेअरला सुमारे 800 रुपये मिळायला हवेत. मधल्या काळात निधीच्या दोन फेऱ्या झाल्या आणि दर फेरीत 15 टक्के डायल्यूशन झाले (नवे शेअर निघून जुन्यांचा हिस्सा घटला) तर 40 लाखांचे 55 लाख शेअर होतात. म्हणजे कंपनी 440 कोटींना विकली गेली तर कुठे बरोबरी. नफा नाही, फक्त बरोबरी.

बाणेरची वाट

धन्यवाद, माझे काम तुम्हीच केलेत. आज शेअर 1,000 ला आहे, तुम्हाला लागतात 800. म्हणजे भाव 20 टक्के घसरला तरी तुमच्या एसआयपीशी बरोबरी! याला शून्य म्हणतात?

शिवाय ती 34,400 ची एसआयपी 48 महिने न चुकता करणारे किती, हा प्रश्न आहेच. बहुतेकांच्या बाबतीत तो फरक मोठ्या फ्लॅटच्या हप्त्यात विरघळतो.

अर्धा कप

नाही हो. नव्या दोन फेऱ्यांतले लोक 1,000 च्याच भावाने आलेत असे धरा. कंपनी 800 च्या भावाने विकली जाताना ते इक्विटीत कशाला येतील? आपले सुमारे 154 कोटी आधी उचलतील. उरलेल्या जुन्या 40 लाख शेअरना 800 मिळायचे तर आणखी 320 कोटी हवेत. 440 चे झाले 474. आणि मुळात कुणीतरी चेकबुक घेऊन दारात उभा राहायला हवा. भाव 1,000 आहे हे खरे, पण त्या भावाने तुमचा शेअर घेणारा कोण? बाजारात तुरी.

फ्लॅटच्या हप्त्याबद्दल सहमत.

करडी नजर

दोघेही विक्रीच्या दिवसाबद्दल बोलताय. माणसे बुडतात ती त्याच्या आधी, एक्सरसाइजच्या दिवशी. कराचे नीट समजून घ्या.

ऑप्शन मिळाले किंवा व्हेस्ट झाले, कर नाही. एक्सरसाइज करून शेअर घेतले की त्या दिवशीची बाजारभावाची किंमत वजा तुम्ही भरलेली किंमत हा पगारातला पर्क्विझिट, म्हणजे पगारासारखाच करपात्र लाभ. अनलिस्टेड (शेअर बाजारात नसलेल्या) कंपनीत ही किंमत मर्चंट बँकर ठरवतो आणि ती शेवटच्या फेरीच्या भावापेक्षा कमी असू शकते. वरच्याच उदाहरणात ती 500 धरू. 490 गुणिले 4,000 म्हणजे 19.6 लाख पगारात मिळवले. 28 लाखांच्या पगारावर हे सगळे 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये पडते, सेससह कर 6.12 लाख. वर 40,000 एक्सरसाइजचे. म्हणजे साडेसहा लाख रोख भरून हातात काय, तर विकता न येणारे शेअर.

पुढे भाव 100 वर आला तर? भरलेला कर परत मिळत नाही. विकताना होणारा तोटा हा भांडवली तोटा, तो पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. भांडवली नफ्यातूनच वजा करायचा आणि 8 वर्षे पुढे ओढायचा. ज्याच्याकडे दुसरा भांडवली नफा नाही त्याने तो नुसता जपून ठेवावा.

‘स्टार्टअपना कर पुढे ढकलण्याची सवलत आहे ना?’ असे लगेच विचारले जाते. आहे, 2020 पासून. पण डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग खात्याची) मान्यता तिला पुरत नाही; 1961 च्या आयकर कायद्यातल्या 80-आयएसी कलमाखाली आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि मान्यता असलेल्यांपैकी फार थोड्यांकडे ते आहे. शिवाय कर माफ नाही, नुसता लांबतो: एक्सरसाइजचे आर्थिक वर्ष संपल्यापासून 5 वर्षे, शेअरची विक्री, किंवा नोकरी सोडणे, यातले जे आधी घडेल तिथपर्यंत. नोकरी बदलणाऱ्याला म्हणूनच तिचा उपयोग जवळजवळ नाही.

त्यामुळे माझा सल्ला अर्धा कप यांच्यापेक्षा वेगळा आणि बाणेरकरांच्या जवळचा: लिस्टिंग, बायबॅक (कंपनीने शेअर परत विकत घेणे) किंवा विक्री समोर दिसेपर्यंत एक्सरसाइज करूच नका. आणि ते जमायचे तर नोकरी सोडल्यावरची लांब मुदत हवीच. 90 दिवसांत साडेसहा लाख उभे करा नाहीतर ऑप्शन सोडा, हा पेच तिथूनच येतो.

कोरा चेक

90 दिवसांची गंमत बघा. अमेरिकेत आयएसओ (इन्सेंटिव्ह स्टॉक ऑप्शन) प्रकारच्या ऑप्शनना करसवलत टिकवायची तर नोकरी सोडल्यावर 3 महिन्यांत एक्सरसाइज करावे लागते. तिथला मसुदा इथे उचलताना मुदत आली, सवलत तिकडेच राहिली! भारतीय नियमांत 90 दिवस कुठेही नाहीत. व्हेस्ट न झालेले ऑप्शन राजीनाम्याच्या दिवशी संपतात, व्हेस्ट झालेल्यांची मुदत कंपनीने ठरवायची, एवढेच.

गोडांबा

चर्चा वाचून डोके गरगरले. एचआरने एकूण शेअरचा आकडा ‘गोपनीय’ म्हणून दिला नाही तर काय करायचे?

कोरा चेक

एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर किरकोळ शुल्क भरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे बघता येतात. पीएएस-3 शोधा. शेअर वाटपाचा तो फॉर्म, त्यात किती शेअर, कोणत्या प्रकारचे, कोणत्या भावाने दिले ते असते. शेवटच्या फेरीचा भाव तिथेच मिळतो. भागभांडवलाचा एकूण आकडा ताळेबंदात. आर्टिकल्स ऑफ असोसिएशन (कंपनीची नियमावली) हेही उघडा. लिक्विडेशन प्रेफरन्स 1 पट आहे की जास्त, आणि ‘पार्टिसिपेटिंग’ आहे का, हे बहुधा तिथे लिहिलेले असते. पार्टिसिपेटिंग असेल तर गुंतवणूकदार आधी आपली रक्कम घेऊन वर उरलेल्यातही वाटा घेतात. मग अर्धा कप यांचे 125 रुपये आणखी खाली येतात: 30 कोटी 24 ऐवजी 40 लाख शेअरवर वाटायचे, म्हणजे 75.

कंपनी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर काहीच शोधू नका. एलएलपीला शेअरच नसतात, तिच्या ईसॉपला अर्थ नाही. आणि मूळ कंपनी अमेरिकेत नोंदलेली असेल, तर शेअर घेतल्यावर दरवर्षी आयकर विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावे लागेल. ती नोंद आर्थिक वर्षाने नाही, कॅलेंडर वर्षाने होते. इथे पुष्कळ जण चुकतात.

बाणेरची वाट

आणि आकडा गोपनीय म्हणणाऱ्या कंपनीबाबत मात्र माझाही शून्याला पाठिंबा. टक्केवारी सांगत नसतील तर ऑप्शन विसरा आणि 34 मागा.

अर्धा कप

चला, अर्धे मत तरी पडले. पण लिस्टिंग समोर दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. पुण्याच्याच फर्स्टक्रायचा आयपीओ ऑगस्ट 2024 मध्ये 465 रुपयांनी आला, पहिल्या दिवशी एनएसईवर 651 ला उघडला, आणि 2025 मध्ये 465 च्याही खाली गेला. वरच्या भावाला एक्सरसाइज करून शेअर धरून बसले तर पर्क्विझिट त्याच भावाने लागतो. एक्सरसाइज केलेत तर निदान कराएवढे त्याच आठवड्यात विका.

करडी नजर

याला पूर्ण सहमती. एक राहिले: नोकरीत असताना मृत्यू झाला तर तोवर दिलेले सगळे ऑप्शन, व्हेस्ट न झालेलेसुद्धा, वारसांकडे जातात, नियमातच तशी तरतूद आहे. पण घरच्यांना ऑप्शन आहेत हेच माहीत नसते. ग्रँट लेटर कंपनीच्या ईमेलमध्ये पडलेले असते आणि तो ईमेल बंद होतो. गोडांबा, सही केलीत तर त्याची प्रत विम्याच्या फाइलमध्ये ठेवा.